कानामागे

"दात दाखव बघू."

लेक शुद्धीवर येत होती आणि डॉक्टरांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. साडेतीन तासांचं ऑपरेशन नुकतंच संपलं होतं. तिच्या डोक्याभोवती पांढरी जाड पट्टी, ओठ सुकलेले, आणि भुलीच्या गुंगीत 'आई' पुरतं उमटत नव्हतं, नुसतं 'आ… आ…' चाललेलं. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी होते. डॉक्टर आत आले ते माझ्याकडे येतील, 'सगळं ठीक आहे' म्हणतील असं वाटलं. ते सरळ तिच्या उशाशी गेले, वाकले आणि म्हणाले, "दात दाखव बघू. ई कर, ई… शाब्बास. आता डोळे घट्ट मीट. अजून घट्ट." तिनं वैतागून तोंड वेंगाडलं. वरचे पुढचे दोन दात नसलेली खिंड दिसली. डॉक्टर क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, सरळ झाले, मास्क हनुवटीखाली ओढला आणि मग कुठे माझ्याकडे वळून म्हणाले, "छान झालंय."

पुढचे सहा महिने मी हा प्रसंग ज्याला त्याला ऐकवला. काय लाघवी माणूस! एवढा थकलेला, पण आधी पोरीला हसवलं, मग आमच्याशी बोलला. सांगताना मी डॉक्टरांचा 'ई'सुद्धा करून दाखवायची. मग एकदा जुना रिपोर्ट शोधताना फायलीत संमतीपत्राची प्रत हाताला लागली. खाली माझीच सही, घाईची, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं. मधे एका ओळीत लिहिलं होतं की या शस्त्रक्रियेत चेहऱ्याच्या नसेला इजा होऊ शकते. तसं झाल्यास त्या बाजूचं तोंड वाकडं होऊ शकतं, डोळा पूर्ण मिटणार नाही. मी कपाटासमोर उभ्याउभ्याच ते दोनदा वाचलं. दात दाखव. ई कर. डोळे घट्ट मीट. लाड कसले! आपल्या हातून आत काही दुखावलं तर नाही ना, हे तो माणूस आधी बघून घेत होता.

आणि ती ओळ सही करण्याआधी मी वाचलेली होती.

चार वर्षांची असताना तिचे कान रात्रीचे दुखायचे. दिवसभर काही नाही, आणि रात्री दोनच्या सुमारास एकदम किंकाळी. आडवं केलं की जास्त रडायची, म्हणून तिला खांद्यावर उभी धरून मी घरभर चालत राहायची. माझ्या गळ्याला टेकलेला तिचा कान तापलेला असायचा. असं तासभर चाललं की कधीकधी रडणं अचानक थांबे, मान पडे, झोप लागे. सकाळी उशीवर पिवळट ओला डाग. कान फुटलेला. आतला पू पडदा फोडून बाहेर आला की दाब उतरतो आणि दुखणं जागच्या जागी थांबतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. तो डाग पाहून मी घाबरले होते आणि सुटकाही वाटली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: कानाच्या मधल्या पोकळीतून नाकाच्या मागे उतरणारी एक नळी असते. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटिमीटरची आणि 45 अंशांच्या उताराची. तान्ह्या मुलात लांबीनं निम्मी आणि जवळजवळ आडवी, 10 अंशांची. म्हणजे सर्दी झाली की घाणीला वर जायला वाट सोपी, आणि वरचं खाली उतरायला उतारच नाही. गंमत म्हणजे कानाचा पडदा आणि आतली तीन हाडं जन्मतःच जवळपास मोठ्यांच्या मापाची असतात. वाढायचं राहिलेलं असतं ते हे गटार.

त्या वर्षी पाच वेळा कान दुखला. मग दुखणं थांबलं, पण डॉक्टर म्हणाले की पडद्यामागे घट्ट, डिंकासारखा द्रव साठलाय. बऱ्याच मुलांत तो आपोआप निघून जातो, तीन महिने थांबू. नाही गेला तर पडद्यात ग्रोमेट बसवू. ग्रोमेट म्हणजे मणीच, मधे भोक असलेला. 1801 साली लंडनमध्ये ॲस्टली कूपर नावाच्या शल्यविशारदानं बहिऱ्या माणसांच्या पडद्याला भोक पाडून हवा आत जाऊ दिली, काहींना लगेच ऐकू आलं, त्याला मोठं पदकही मिळालं. पण पडदा काही दिवसांत भोक बुजवून टाकी. भोक पाडणं सोपं, ते उघडं ठेवणं कठीण. त्यावर चालणारा उपाय म्हणजे छोटी प्लॅस्टिकची नळी, ती आर्मस्ट्राँग नावाच्या डॉक्टरनं 1954 साली वापरली. दीडशे वर्षं गेली मधे! आता ती बसवायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आणि सहा महिने ते वर्षभरात ती आपली आपण गळून पडते. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच कळलं होतं की तीन महिने थांबायचं. आम्ही थांबलो. तीन महिने झाले, सहा झाले. दुखत नव्हतं, ताप नव्हता, रात्री शांत होत्या. पुन्हा दाखवायला जायचं ते आम्ही कानामागे टाकलं.

आपल्या भाषेत कानाइतकं राबवलेलं दुसरं इंद्रिय नसेल. मुलांना रागवायला तर आपण फक्त कानच वापरतो. कान कुठे आहेत तुझे? किती वेळा कानीकपाळी ओरडायचं? एका कानानं ऐकतेस आणि दुसऱ्यानं सोडून देतेस. कान उपटू का? हे सगळं मी तिला बोललेय, तीन वर्षं, रोज, अगदी सहज. ती हाकेला ओ द्यायची नाही. टीव्हीचा आवाज वाढवायची आणि तिचा बाबा तो कमी करायचा. बाई वर्गात म्हणाल्या, लक्ष नसतं. आम्ही मान हलवली, घरीही नसतं म्हणून सांगितलं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती टक लावून बघायची, ते आम्हाला गोड वाटायचं. आणि झोप! डाव्या कुशीवर झोपली की घरात भांडी पडली तरी जागी व्हायची नाही. पाहुण्यांपुढे आम्ही तिच्या त्या गाढ झोपेचं कौतुक करत असू. डावा कान चांगला होता. तो उशीत गेला की तिच्यापुरतं घर बंद होत होतं.

आजार कळला तो वासानं. शाळेसाठी केस विंचरताना उजव्या बाजूला एक कुबट वास आला. कुजलेल्या पाण्याचा, फुलदाणी आठवडाभर तशीच राहिली तर येतो तसा. केस धुतले. दोन दिवसांनी पुन्हा तोच. दुखतंय का, विचारलं. नाही म्हणाली. कानात पाहिलं तर कडेला पिवळट खपली, चिमूटभरही नसेल. एवढ्यासाठी डॉक्टर कशाला, असं म्हणत म्हणत आम्ही आणखी पंधरा दिवस काढले.

या वेळचे डॉक्टर वेगळे होते. त्यांनी तिला मायक्रोस्कोपखाली झोपवलं, बारीक नळीनं कान ओढून साफ केला, पुन्हा पाहिलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक नादकाटा काढला, धातूचा, दोन दांड्यांचा, गुडघ्यावर वाजवला आणि त्याचा बुंधा तिच्या कपाळाच्या मध्यावर टेकवला. "आवाज कुठल्या कानात येतो?" तिनं उजव्या कानाकडे बोट केलं. वाहणाऱ्या, वास येणाऱ्या कानाकडे. मी पटकन म्हणाले, "नीट सांग गं, लक्ष कुठे आहे?" डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती बरोबर सांगतेय." कपाळाच्या हाडातून गेलेला आवाज दोन्ही आतल्या कानांना सारखाच पोचतो. पण खोलीतला बाकीचा गलबला बिघडलेल्या कानाला येत नाही, म्हणून त्या कानात हाच आवाज मोठा वाटतो. चांगल्या कानाला वाटतं, आपल्याकडे काही आलंच नाही. चूक सुधारायला निघालेल्या आईला एवढ्या थोडक्यात गप्प बसवणारं दुसरं यंत्र मी पाहिलेलं नाही.

आजाराचं नाव कोलेस्टिएटोमा. 1838 मध्ये म्युलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं ते ठेवलं, आणि त्या नावाच्या तिन्ही तुकड्यांचा अर्थ जुळवला तर पित्तातल्या चरबीची गाठ असं काहीतरी होतं. त्यात पित्त नाही, चरबीची ती गाठही नाही. ती साधी कातडी असते, फक्त नको त्या जागी. नाकामागे उतरणारी ती नळी बंद राहिली की मधल्या कानातली हवा शोषली जाते, बाहेरून हवेचा रेटा पडदा आत ढकलतो, आणि पडद्याचा वरचा सैल भाग खिशासारखा आत ओढला जातो. एरवी कानाची कातडी मोठी शहाणी असते. ती पडद्यावरून बाहेरच्या दिशेनं सतत सरकत असते आणि सगळा केर स्वतःच दाराबाहेर आणून टाकते. पण त्या खिशाचं तोंड अरुंद. आत निघालेल्या सालपटांना बाहेरची वाट सापडत नाही. ती साचतात, त्यांचा मोत्यासारखा पांढरा गोळा होतो, त्यात जंतू शिरतात, आणि तो गोळा भोवतालचं हाड खात सुटतो. वर कागदासारखं पातळ हाड आणि त्यावर मेंदू. मागे मेंदूतून रक्त खाली नेणारी मोठी शीर. आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या, आणि मधूनच गेलेली ती चेहऱ्याची नस. इतक्या जिनसा एवढ्याशा जागेत कोणी ठेवल्या असतील असं मनात आलं. आणि हे सगळं चालू असताना दुखत नाही. चार वर्षांच्या पोरीला रात्ररात्र रडवणारा आजार औषधानं आवरला होता. हा जो जिवावर उठू शकत होता, तो मुकाट्यानं आत बसला होता.

औषध नाही का, म्हणून विचारलं. थेंबांनी वास जाईल, पू कमी होईल, गोळा तिथेच राहील, डॉक्टर म्हणाले. कानामागून हाड उघडूनच तो काढावा लागतो.

कानामागून. मी तो शब्द ऐकून हसले, आणि डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं.

घरी आल्यावर मला आत्या आठवली. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या एका कानात कायम कापसाचा बोळा असायचा आणि सगळे तिच्या दुसऱ्या बाजूला बसायचे, ही आमच्या घरातली न सांगता पाळलेली गोष्ट होती. लहानपणी, 1950 नंतरच्या कधीतरी, तिच्या कानाचं हाड छिन्नी-हातोडीनं फोडलं होतं असं ती सांगे. भूल होती, पण हातोडीचे ठोके आठवतात असं ती म्हणायची, ते खरं असेल नसेल. तिच्या कानामागे बोटाचं टोक बसेल एवढा खड्डा होता. आम्हा मुलांना त्याची भीती वाटायची आणि हात लावायची इच्छाही व्हायची. गार वारा सुटला की ती दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीला टेकायची, म्हणायची, घर फिरतंय. घरातली मोठी माणसं डोळ्यांनीच एकमेकांना खुणावत. झालं, हिचं सुरू. तिच्यासारख्या ऑपरेशनांत कानाच्या बाहेरच्या नळीची मागची भिंत पाडून सगळं एक उघडं भगदाड करत, आणि मग तोल सांभाळणारी नळी जवळजवळ उघड्यावर येते. त्या नळीच्या हाडाला गार हवा लागली की आतलं पाणी हलतं आणि माणसाला खरोखर चक्कर येते. हे मला तिच्या जाण्यानंतर पंधरा वर्षांनी, माझ्या मुलीच्या डॉक्टरांकडून कळलं. घर फिरतच होतं. फक्त तिच्यासाठी.

ती भिंत ठेवायची की पाडायची, हा आमच्याही पुढचा प्रश्न होता. पाडली तर आजाराला लपायला जागा राहत नाही, डॉक्टरांना सगळं उघड दिसतं. पण मग भगदाड जन्मभर साफ करून घ्यायचं, पाण्यापासून जपायचं, आत्यासारखं. ठेवली तर कान दिसायला आणि वागायला कानासारखा राहतो. मात्र एखादं सालपट मागे राहिलं तर ते भिंतीआड पुन्हा गोळा होतं, आणि मुलांत ते मोठ्यांपेक्षा जास्त वेळा, जास्त वेगानं होतं. म्हणून वर्षभरानं पुन्हा उघडून बघायचं. भिंतीला कान असतात हे ऐकून होते. कानाला भिंत असते आणि तिच्यावर एका मुलीचं पोहणं अवलंबून असतं, हे नवीन होतं. आम्ही भिंत ठेवायची ठरवली. ठरवली म्हणजे काय, डॉक्टर म्हणाले जमेलसं वाटतं, आत गेल्यावर बघू, आणि आम्ही मान हलवली.

तारीख मिळाल्यावर मी रात्री जागून नको ते वाचत बसले. 1736 साली फ्रान्समध्ये प्ती नावाच्या शल्यविशारदानं कानामागचं हाड उघडून पू काढला आणि माणूस वाचला. 1791 मध्ये डेन्मार्कच्या राजवैद्यानं, बर्गरनं, बहिरेपण आणि कानातला नाद घालवायला स्वतःवर तेच ऑपरेशन करवून घेतलं आणि थोड्याच दिवसांत मेंदूला सूज येऊन तो गेला. त्या एका मृत्यूनं ते ऑपरेशन इतकं बदनाम झालं की पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं त्याच्या वाटेला कोणी फारसं जाईना, 1873 मध्ये जर्मनीत श्वार्ट्सनं ते नीट घडी बसवून पुन्हा मांडेपर्यंत. मधल्या ऐंशी वर्षांत पू साठलेल्या किती मुलांना फक्त बघत राहिले असतील, हा विचार रात्री दोन वाजता करू नये. आणखी एक गोष्ट वाचली ती विसरता येत नाही. कानामागे छेद घेण्याच्या एका पद्धतीला विल्यम वाइल्ड या आयरिश डॉक्टरचं नाव आहे. वाहता कान केव्हा, कुठे आणि कसा संपेल ते सांगता येत नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं होतं. त्याचा मुलगा ऑस्कर, तोच, प्रसिद्ध लेखक, 1900 साली पॅरिसमध्ये गेला. जुन्या कानाच्या दुखण्यातून मेंदूला झालेला संसर्ग हे त्याचं कारण मानलं जातं. मी फोन पालथा ठेवला आणि लेकीच्या खोलीत जाऊन आले. ती डाव्या कुशीवर झोपली होती.

वॉर्डात शेजारच्या पलंगावर दीड वर्षाचा एक मुलगा होता. त्याचा एक कान पुढे आणि खाली ढकलल्यासारखा उभा राहिला होता, मागे लाल, तुकतुकीत सूज. हात जवळ नेला तरी किंचाळायचा. चार दिवसांपूर्वी नुसता कान दुखत होता, त्याची आई सांगत होती. संसर्ग मागच्या हाडात उतरला होता. हाताला सलाइन, त्यातून अँटिबायोटिक, आणि दुसऱ्या दिवशी त्याला नेऊन पू काढला, पडद्यात ग्रोमेट बसवला. एवढ्या लहान मुलात छेद घेण्याची जागाही वेगळी असते म्हणे. कानामागचं हाडाचं टोक जन्मतः नसतंच, ते पहिल्या दोन वर्षांत हळूहळू वाढतं. तोवर चेहऱ्याची नस कातडीच्या अगदी जवळून जाते, म्हणून खालच्या बाजूला सुरी न्यायची नाही. पाचव्या दिवशी त्याचा कान परत जागेवर बसला होता आणि तो पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवत होता. पेनिसिलिन येण्यापूर्वी अशा मुलांनी वॉर्ड भरलेले असत. मला त्या आईचा हेवा वाटला, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला. तिचं मूल ओरडलं होतं. तिला कळलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी छाती तपासली, आणि मग विचारलं, "हलणारा दात आहे का?" वरचा एक आधीच पडलेला होता, दुसरा लोंबत होता. भूल देताना घशात नळी घालावी लागते, सैल दात सुटून श्वासनळीत जायला नको, म्हणून तो आम्ही आतच काढू, चालेल ना? हाड कोरण्याच्या कागदावर सही केलेली मी, एका दुधाच्या दातासाठी मात्र रडले. लेकीनं विचारलं, "दात परत देणार ना?" बाई म्हणाल्या, देणार.

आत काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. कानामागच्या वळणावरून छेद. मायक्रोस्कोपखाली, पाण्याची धार सोडत, फिरत्या बारीक ड्रिलनं हाड कोरत जायचं. हिऱ्याचे कण बसवलेलं शेवटचं टोक तर हाड घासून इतकं पातळ करतं की खालची शीर निळी दिसू लागते. निरोगी हाड आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं असतं, तिचं बरंचसं भरून गेलं होतं. तीन हाडांपैकी ऐरणीचा लांब पाय खाल्लेला. रिकीब शाबूत, 3 मिलिमीटरचं ते हाड, शरीरातलं सगळ्यात छोटं. कानशिलाच्या स्नायूवरचा एक पातळ पापुद्रा काढून त्याचा नवा पडदा बसवला. संध्याकाळी नर्सनं आम्हाला एक झाकणाची बाटली दिली, आत दात. तशीच दुसरी बाटली तिच्या ट्रेमध्ये होती, प्रयोगशाळेत जायची, आत मोत्याच्या रंगाची सालपटं. दोन्ही पांढरं, दोन्ही तिच्याच अंगातलं. एक मी कपाटात ठेवला आहे.

त्यानंतरचे महिने फार काही वीरश्रीचे नव्हते. कानातल्या पिवळ्या पट्टीचा औषधी उग्र वास सगळ्या घराला लागला. प्रत्येक घासाला ती म्हणायची, नाणं चाटल्यासारखं लागतंय. जिभेच्या चवीची एक बारीक नस कानाच्या पडद्यामागून जाते, ती ताणली गेली होती. तीन महिन्यांनी नाणं गेलं. पट्टी निघाली, जखम भरली, वास गेला. आणि ऐकण्याची तपासणी केली तर उजवा कान आधीपेक्षाही कमी ऐकत होता. माझा चेहरा पाहून डॉक्टरांनी समजावलं. ऐरण खाल्ली गेली होती खरी, पण त्या रिकाम्या जागेत आजाराचा गोळाच बसला होता आणि पडद्याचा आवाज पुढे रिकिबीपर्यंत तोच पोचवत होता. हाड खाऊन वर हाडाची नोकरी करत होता! तो काढला, तर पूल गेला. आधी जीव, मग कोरडा कान, मग ऐकणं, असा क्रम असतो, ते म्हणाले. पुढच्या वेळी उघडू तेव्हा टायटॅनियमचा तुकडा बसवू.

मी तेव्हा शेवटी विचारलं. वर्षा-दोन वर्षांपूर्वी आणली असती, तो ग्रोमेट बसवला असता, तर? डॉक्टर पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले. "काहींचं टळतं," ते म्हणाले. "काहींचं सगळं वेळेवर करूनही होतं. तुमच्या मुलीचं कुठलं, ते मला सांगता येणार नाही." दोषी ठरवलं असतं तर रडून मोकळी झाले असते. निर्दोष ठरवलं असतं तर विश्वास बसला नसता.

मधल्या वर्षात आम्ही तिला हाक मारायला नव्यानं शिकलो. आधी समोर जायचं, किंवा डावीकडून बोलायचं. दुसऱ्या खोलीतून नुसतं नाव घेतलं तर ती भलत्याच दिशेला बघते, कारण आवाज कुठून आला ते ठरवायला दोन कान लागतात. कधीकधी मी विसरते, ओरडते, आणि ती खिडकीकडे वळून 'काय?' म्हणते. रागावल्यावर मात्र ती मुकाट्यानं डाव्या कुशीवर वळते. हे हत्यार तिला कधी सापडलं कोण जाणे.

गेल्या महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं. मी संमतीपत्र या वेळी बसून वाचलं, एकेक ओळ, आणि त्या ओळीपाशी थांबले, आणि सही केली. भूलतज्ज्ञ बाईंनी तोच प्रश्न विचारला. या खेपेला हलणारा एकही नव्हता. आत एका कोपऱ्यात मोहरीएवढा पांढरा मणी सापडला, तो काढला. टायटॅनियमचा तुकडा रिकिबीवर बसला. ऐकू किती येईल ते अजून दोन महिन्यांनी कळेल. दुपारी मला आत बोलावलं तेव्हा ती नुकतीच डोळे किलकिले करत होती, पुन्हा तीच गोल पट्टी, तेच सुकलेले ओठ. दाराशी हिरव्या कपड्यांतले डॉक्टर दिसले. ते उशाशी आले, वाकले, काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं स्वतःच डोळे गच्च मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन्हीकडून ओठ फाकवून दात दाखवले. वरचे दोन नवे दात अर्धे आलेले होते, कडा करवतीसारख्या. "ई," ती म्हणाली. "झालं?"